टायर कोरून नवा होत नाही

‘टायर कंपन्यांची लूट थांबवा’ या नावाचा एक मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. त्यात पाच सल्ले आहेत: तारा दिसेपर्यंत टायर बदलू नका, गुळगुळीत झालाच तर 400 रुपयांत नवी नक्षी कोरून घ्या, उन्हाळ्यात आणि समृद्धीवर हवा 5 पॉइंट (म्हणजे पीएसआय) कमी ठेवा, दोनच नवे टायर घेतले तर पुढे टाका, आणि ‘5 वर्षांनी टायर म्हातारा होतो’ ही थाप आहे. माझ्या मावसभावाने हे वाचून येत्या शनिवारी चारही टायर कोरून घ्यायचं ठरवलंय. त्याच्या गाडीत मागे दोन लहान मुलं बसतात. म्हणून आधी कोरण्याबद्दलच बोलतो.

कोरणाऱ्याकडे विजेवर तापणारं, यू आकाराचं पातं असतं. ते जुन्या खाचेतून ओढलं की रबराची सुरळी निघते आणि खाच खोल दिसू लागते. यात टायरला काही मिळत नाही, होतं तेच जातं. जे निघालं ते खाचेच्या तळाचं रबर, पोलादी तारांचा पट्टा झाकण्यासाठी ठेवलेलं. मोटारीच्या टायरमध्ये हा थर साधारण 2 मिमीचा असतो. आता हिशोब करा. खाच 1 मिमी उरली आहे आणि मेसेज सांगतो 4 मिमी कोरा. 1 अधिक 2, म्हणजे वरून 3 मिमीवरच तार लागली! त्यातून हाताने ओढलेलं पातं सगळीकडे सारखं खोल जात नाही. एखाद्या ठिकाणी ते तारेला घासून जाणारच.

त्या तारेवर पितळेचा मुलामा असतो आणि रबर त्याला चिकटून बसलेलं असतं. चिरेतून पाणी शिरलं की तार गंजते, रबराची पकड सुटते आणि गरम रस्त्यावर, वेगात, वरचा पट्टा सालीसारखा सोलून निघतो. त्याआधी बहुतेक वेळा इशारा मिळतो. 60 ते 80 च्या वेगात स्टेअरिंग किंवा सीट थरथरते, बॅलन्सिंग करूनही थांबत नाही, आणि टायरवरून तळहात फिरवला तर एका जागी उंचवटा लागतो. असा टायर दुकानापर्यंतसुद्धा चालवू नका, जागेवर स्टेपनी लावा.

ट्रक आणि बसचे टायर कोरतात हे मान्य. पण ते त्यासाठीच बनवलेले असतात. बाजूवर ‘रीग्रूव्हेबल’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं आणि तळाशी जादा रबर दिलेलं असतं. मोटारीच्या टायरवर तो शब्द नसतो, तिथे विषय संपतो.

जुने टायर विकत घेणाऱ्यांनी हे जरूर पाहावं, कारण कोरलेला माल काळं पॉलिश मारून ‘80 टक्के नक्षी शिल्लक’ म्हणून विकला जातो. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते त्या कडेवर, ‘टीडब्ल्यूआय’ (TWI, झीज दाखवणारी खूण) अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या सरळ रेषेत प्रत्येक मुख्य खाचेच्या तळाशी रबराची आडवी पट्टी असायला हवी. कोरलेल्या टायरमध्ये ती मधोमध कापलेली असते किंवा गायबच असते. कारखान्यातल्या खाचेचा तळ गुळगुळीत आणि कोपरे गोलसर असतात. कोरलेल्या खाचेत बोट फिरवलं की लहरी लागतात आणि कडा धारदार असतात. खाचांमधल्या रबरी ठोकळ्यांवरच्या केसासारख्या बारीक चिरा पुसल्या गेल्यात आणि मोठ्या खाचा मात्र खोल आहेत, असं दिसलं तर तो टायर घेऊ नका.

‘तारा दिसेपर्यंत चालतो’ या सल्ल्याला उत्तर कायद्यातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 94 वाचा. दुचाकी-तीनचाकी सोडून बाकी वाहनांना खाच किमान 1.6 मिमी हवी. आतलं कापड उघडं पडलेला, कुठे फुगा आलेला टायरही त्याच नियमाने बाद. म्हणजे तार दिसायच्या कितीतरी आधी टायर बेकायदा झालेला असतो. वर सांगितलेली आडवी पट्टी नेमकी 1.6 मिमी उंच असते. ठोकळे झिजून तिच्या पातळीला आले की टायर संपला. कोरणारा हीच मोजपट्टी कापून टाकतो. आणि 1.6 ही कायद्याची शेवटची हद्द आहे. पावसात घाटातून जाणाऱ्याने 3 मिमीलाच बदलावा, कारण उथळ खाचेतून पाणी बाहेर फेकलं जात नाही.

मोजायचं कसं? खाच मोजायचा छोटा गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड, असं तीन ठिकाणी आणि चाकाभोवती तीन-चार जागी मोजा. सगळ्यांत कमी आकडा तोच खरा. पुढच्या चाकांची आतली कड पाहायला स्टेअरिंग पूर्ण वळवा. फक्त मध्य झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेलं. हे दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर तेही तसेच जातील.

हवा कमी ठेवायच्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे: गरम झाल्यावर टायरमधला दाब 4-5 पॉइंट वाढतो. पण गाडीच्या कंपनीने ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर दिलेला आकडा हे धरूनच थंड टायरसाठी दिलेला असतो. थंड म्हणजे गाडी किमान 3 तास उभी. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडण्याने उष्णता वाढते आणि त्या उष्णतेनेच टायर फुटतो. 120 च्या वेगात, मे महिन्यात, पाच माणसं आणि सामान घेऊन हे करणं म्हणजे टायर फोडण्याचीच तयारी. पावसातही तोटाच. नासाने विमानांच्या टायरवरच्या प्रयोगांतून काढलेलं सूत्र असं: पाणी खाचेपेक्षा खोल असेल तर दाबाच्या वर्गमुळाला 9 ने गुणा, तितक्या नॉटला (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी) टायर पाण्यावर तरंगतो. 33 पॉइंटला हे येतं ताशी सुमारे 96 किमी, 28 पॉइंटला 88.

नवी जोडी पुढे नाही, मागे. पुढची चाकं आधी झिजतात, म्हणून पुढे टाकावीशी वाटतात, पण ओल्या वळणावर मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं बहुतेकांच्या हाताबाहेरचं असतं. पुढची पकड सुटली तर निदान वेग कमी करून गाडी ताब्यात येते.

वयाबद्दल मेसेजचं थोडं बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करतो: 5 वर्षं झाली म्हणून टायर आपोआप बाद होत नाही. पण रबर उभ्या गाडीतही कडक होतं. मिशेलिनचा सल्ला आहे की 5 वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि 10 वर्षांनी खाच कितीही असो, बदला. टायर बनल्याची तारीख बाजूवरच्या ‘डॉट’ (DOT) अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत असते: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघा. डिकीतल्या स्टेपनीचीही तारीख वाचा, तिच्यावरची नक्षी नवीकोरी दिसली तरी.