झिप केल्याने व्हायरस मरत नाही

काल रात्री मावशीचा फोन आला. “बिल थकलंय म्हणून मेल आलाय, झिप फाइल आहे. उघडू ना? झिपमध्ये व्हायरस मरतो म्हणे.” हे ‘म्हणे’ कुठून आलं ते विचारलं, तर तिने मला एक फॉरवर्ड पाठवला. तोच फॉरवर्ड गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवरही फिरत होता. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: दाबल्यामुळे व्हायरस मरतो, तेव्हा झिप बिनधास्त उघडा, झिप केलं की दर वेळी फोटोची क्वालिटी उतरते, पासवर्ड लावला की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही, आणि जागा निम्मी लागते.

आधी तो ‘दाब’ बघू. झिप करताना फाइलवर कसलाही दाब पडत नाही. पुन्हा पुन्हा येणारा मजकूर दुसऱ्यांदा लिहिण्याऐवजी ‘इतके बाइट मागे जा, तिथून इतके उचल’ एवढी खूण ठेवायची, आणि जास्त वेळा येणाऱ्या चिन्हांना आखूड कोड द्यायचे. बस्स. अनझिप करताना त्या खुणांवरून मूळ फाइल जशीच्या तशी उभी राहते. झिपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीचं नाव डिफ्लेट. मे १९९६ च्या आरएफसी १९५१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये तिची सगळी मांडणी आहे आणि सारांशाच्या पहिल्याच वाक्यात ‘लॉसलेस’ हा शब्द आहे, म्हणजे काहीही न गमावणारी. मग व्हायरस तेवढा कसा गमावेल? तोही आत गेला तसाच धडधाकट बाहेर येतो. अँटिव्हायरस नीट चालतो का ते तपासण्यासाठी आयकार या संस्थेची ६८ बाइटची एक निरुपद्रवी फाइल असते. ती झिपमध्ये घालून आणि झिपच्या आत झिप करूनही मिळते. झिपमध्ये व्हायरस मरत असता तर हा खटाटोप कुणी कशाला केला असता?

मावशीला म्हटलं, झिप उघड, पण आतल्या फाइलला हात लावू नकोस, फक्त मला दाखव. कॅमेऱ्यासमोर स्क्रीन धरली. आत एकच फाइल, नावात बिल आणि शेवटी पीडीएफ. शेजारी ‘टाइप’च्या रकान्यात मात्र ‘ॲप्लिकेशन’. ॲप्लिकेशन म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. बिल प्रोग्रॅम कसं असेल? खरं एक्सटेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारा भाग, ईएक्सई होतं, प्रोग्रॅमचं. विंडोज ओळखीची एक्सटेन्शन मुळात लपवूनच ठेवतं, ते दिसायचं सेटिंग आम्ही चालू केलं तेव्हा ते उघड झालं. झिपला पासवर्ड होता आणि तो मेलमध्येच लिहून दिला होता. असं करतात कारण पासवर्डशिवाय मेलच्या स्कॅनरला आतली फाइल तपासता येत नाही. ज्या पासवर्डवर फॉरवर्ड भरवसा ठेवायला सांगतो, तोच इथे चोराच्या कामी आला होता.

आणि आम्ही तो पासवर्ड घातलाच नव्हता. तरी फाइलचं नाव दिसलं, कारण सर्वसाधारण झिपमध्ये पासवर्डने मजकूर बंद होतो, नावं उघडीच राहतात. शिवाय झिपची जुनी पासवर्ड पद्धत बिहॅम आणि कोचर या गुप्तलेखनातल्या तज्ज्ञांनी १९९४ मध्येच फोडून दाखवली आहे. आतल्या एखाद्या फाइलचा थोडा मजकूर माहीत असला तर ती तुटते. खरंच काही लपवायचं असेल तर झिप करताना एईएस-२५६ ही जास्त भक्कम कुलूपपद्धत निवडा, आणि पासवर्ड त्याच मेलमधून पाठवू नका.

फोटोंचं उत्तर वर येऊनच गेलं: झिप काहीच गमावत नाही. क्वालिटी उतरते ती मेसेजिंग ॲप फोटो लहान करून पाठवतं तेव्हा. उलट झिप करून पाठवला तर फोटो जसाच्या तसा पोचतो.

जागेचं म्हणणं अर्धं खरं आहे, हे मान्य करावं लागेल. साधा मजकूर, लॉग, सीएसव्ही यांची झिप निम्म्याहूनही लहान होऊ शकते. पण जेपीईजी फोटो आणि व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस केलेले असतात, त्यांच्यात फार तर एखाद-दोन टक्क्यांचा फरक पडतो. वर्डची डॉकएक्स फाइल तर स्वतःच झिप असते. तिची एक कॉपी करून एक्सटेन्शन झिप असं बदला आणि उघडा, आतले फोल्डर समोर दिसतील.