सगळेच स्वार्थी, मग मीच का उठू?

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रक्तदान शिबिर आहे आणि कुणीतरी तुमची बेल वाजवणार आहे. 'बीपीची गोळी चालू आहे' असं सांगून सुटायचे दिवस गेले. (डॉक्टर खालीच असतात, मोजून बघतात.) आता तत्त्वज्ञान वापरा.

खाली जा, पण हाताची घडी घालून. तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी नुकताच कॉटवरून उठला असेल. एक हात कोपरात कापसाचा बोळा धरून दुमडलेला, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा, आणि तो दातांनी फोडायची खटपट चाललेली. ३५० मिलिलिटर रक्त देऊन आलेल्या माणसाचा चेहरा उगाचच हसरा असतो. तिथेच गाठा. विचारा, 'बरं वाटलं ना?' तो बिचारा 'हो' म्हणेल. संपला! 'म्हणजे स्वतःला बरं वाटावं म्हणूनच दिलंस की!' 'नाही' म्हणाला, तर पुण्यासाठी दिलं. पुण्य मानत नसेल, तर फोटोसाठी. फोटोही काढला नसेल, तर फोटो न काढल्याचं मिरवता यावं म्हणून. हा युक्तिवाद कधीच हरत नाही. 'आज ना उद्या पाऊस पडेल' असं सांगणारा ज्योतिषी तरी कुठे हरतो?

पुरावा मागितला तर थॉमस हॉब्जला पुढे करा. सतराव्या शतकातल्या या इंग्रज तत्त्वज्ञाने एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे दिले. ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिले असतेत का, असं एका धर्मोपदेशकाने विचारलं. 'दिले असते,' हॉब्ज म्हणाला, 'त्याचे हाल बघून मला त्रास होत होता. पैसे दिल्याने त्याला आराम पडला आणि मलाही.' हे सांगताना 'मलाही'मधला 'ही' गिळून टाका. सगळी मेख त्या एका अक्षरात आहे.

समोर वारकरी असेल तर तुकोबांनाही सोडू नका. 'बुडती हे जन न देखवे डोळां.' बघा, देखवत नव्हतं म्हणून! स्वतःच्याच डोळ्यांची सोय! पुढचं 'येतो कळवळा म्हणऊनि' त्याला आठवायच्या आत विषय बदला.

कळवळाच नसता, तर देऊन बरं तरी कशाचं वाटलं असतं, ही शंका जोसेफ बटलर नावाच्या पाद्र्याने १७२६ सालीच छापून ठेवली आहे. बटलरचं नाव काढू नका. कुणी काढलं तर म्हणा, पाद्रीच तो, त्याचा धंदाच तो.

संस्कृत आलं की वजन पडतं, म्हणून बृहदारण्यक उपनिषद हाताशी ठेवा. पती पतीसाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो, असं साक्षात याज्ञवल्क्य ऋषी आपल्या बायकोला, मैत्रेयीला सांगतो. इथेच पुस्तक मिटा. हे सांगताना तो घरदार दोघी बायकांत वाटून वनाच्या वाटेला लागायच्या बेतात होता. शिवाय त्याचा 'आत्मा' म्हणजे फ्लॅट नंबर ३०२चा मालक नव्हे. हे कुणाला कळलं तर पंचाईत.

उसनवारीसाठी मात्र बौद्ध मत बरं. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन भिक्खूने मिलिंद राजाला सांगितलं, चाकं, आस, दांडी यांना मिळून दिलेलं नाव म्हणजे रथ, 'मी'चंही तसंच. मग दिवाळीला पाच हजार घेणारा तो कोण आणि आज देणारा मी कोण? फक्त त्याच ग्रंथात एक आंबेचोरही आहे. 'याने लावली ती कोय वेगळी, मी नेले ते आंबे वेगळे,' असं तो सांगतो, आणि शिक्षेला पात्र ठरतोच. म्हणून सावकाराला ग्रंथाचं नाव सांगू नका.

एवढं जमलं की कुठल्याही शिबिरात, वर्गणीत, खांदा द्यायच्या वेळीसुद्धा तुम्ही मोकळे. आणि समजा, एखाद्या रात्री दोन वाजता तुमच्याच वडिलांना दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि रक्त लागलं, तर घाबरू नका. तिसऱ्या मजल्यावर फोन लावा. तो बनियनवरच गाडीची किल्ली घेऊन खाली येईल. पेट्रोलचं विचारू नका. त्याला त्यातच आनंद मिळतो ना!