मोतिया अस्तरावरचे निळे टाके : ताईंच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आम्ही शिवलेल्या तुमच्या वाकळीवरचा अभिप्राय परवा रात्री दुकान बंद करताना वाचला. दोन तारे आणि तीन तक्रारी. मोतिया अस्तरावर निळे टाके मुंग्यांची रांग लागल्यासारखे दिसतात, कडेच्या मशीनच्या शिवणीत निळ्यावर पांढरे ठिपके आलेत, आणि एकूण काम 'हाताशी उरलेल्या दोऱ्याने उरकलेलं' आहे. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या. तिसरी खरी नाही, आणि तीच जास्त लागली.

तुमच्या आजीच्या दोन इरकली साड्या वर आणि आत, खाली तुम्ही पसंत केलेलं साधं मोतिया अस्तर. वरून काळपट निळं, खालून जवळजवळ पांढरं. अशा जोडीला दोरा निवडायचा म्हणजे डोक्याला ताप. हाताने धावदोरा घालताना दोरा एकच. तोच वर दिसतो, तोच खाली. एका अंगाला लपवला की दुसऱ्या अंगाला उघडा पडणार. आमच्यापुढे तीन रिळं होती: गडद निळं, मोतिया आणि मधलं राखाडी-निळं.

नुसतं रीळ बघून आम्ही रंग ठरवत नाही. रिळावर दोरा दाट बसलेला असतो म्हणून गडद भासतो, सुटा केला की तोच फिका पडतो. म्हणून हातभर दोरा सोडून कापडावर टाकायचा, पडवीत उजेडाला न्यायचं आणि चार पावलं मागे सरून बघायचं. ट्यूबच्या उजेडात तर नाहीच. आमच्या वेंगुर्ल्यात पावसाळ्यात दिवसाही घरात अंधारून येतं. अशाच एका दुपारी ट्यूबखाली काळा म्हणून घेतलेला दोरा दुसऱ्या दिवशी उन्हात चक्क जांभळा निघाला होता. अख्खी वाकळ उसवावी लागली.

मोतिया दोरा इरकलीवर टाकला तर तांदूळ सांडल्यासारखं दिसलं. राखाडी-निळा दोन्हीकडे थोडा थोडा दिसत होता. गडद निळा वरून गुडूप. आमच्याकडे शिवणाऱ्या काकू म्हणाल्या, "वरची बाजू आजीची, ती बिघडवायची नाय." म्हणून गडद घेतला. तो फिक्या अस्तरात जाणार म्हणून आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर चोळून पाहिला, रंग सोडतो का ते. नाही सोडला, तेव्हा सुईत ओवला. उरलेला दोरा वापरायचा असता तर एवढे उपद्व्याप कोण करतं?

पण काकूंनी आणि मी ठरवलं ते तुम्ही ठरवायचं होतं, ही चूक माझी. तीन दोरे कापडावर ठेवून एक फोटो पाठवला असता तर तुम्ही कदाचित राखाडी-निळाच घेतला असता. आणखी एक गोष्ट अस्तर ठरतानाच बोलायला हवी होती: साध्या कापडावर प्रत्येक टाका उठून दिसतो, तर निळी बारीक फुलं छापलेलं अस्तर असतं तर निळे टाके त्यात हरवून गेले असते. तुम्ही साधंच हवं म्हणालात आणि मी गिऱ्हाईक दुखवायला नको म्हणून गप्प बसले.

पांढऱ्या ठिपक्यांना मात्र काही सबब नाही. मशीनवर वर निळा आणि खालच्या बॉबिनमध्ये मोतिया असे दोन दोरे घालता येतात, म्हणजे ज्या बाजूचा त्या बाजूला. पण दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात पडायला हवी. वरचा दोरा जास्त ताणलेला असला की तो खालच्याला वर खेचतो, आणि प्रत्येक टाक्याच्या भोकातून मोतिया टिंब डोकावतं. एकाच रंगाचे दोरे असते तर कुणाला कळलंही नसतं. आम्ही दोऱ्यांचा ताण जुळवला तो सपाट तुकड्यावर. इरकलीचा रेशमी काठ कोपऱ्यात दुमडून थर वाढले आणि तिथे गणित बिघडलं. कोपऱ्याएवढाच जाड नमुना शिवून बघायला हवा होता, वरचा ताण थोडा सैल करायला हवा होता.

आता काय करू शकते ते सांगते. कडेची मशीनची शिवण चारही बाजूंनी उसवून पुन्हा घालून देईन, या वेळी बॉबिनमध्येही निळाच दोरा, तोही ५० नंबरचा. ४० पेक्षा बारीक असल्याने कापडात जास्त दबतो. अस्तराच्या कडेला त्याची एक निळी रेघ दिसेल, ते चालेल का तेवढं कळवा. मधले हाताचे टाके उसवायला मन धजत नाही. आजीची साडी विरलेली आहे, दोरा ओढताना फाटली तर ती कुठून आणायची? त्याऐवजी खालच्या बाजूला निळ्या फुलांचं मलमल हातटाक्याने लावून देते, काढावंसं वाटलं तर सहज निघेल असं. कापडाचे तीन-चार फोटो पाठवते, रंग या खेपेला तुम्ही निवडा.

दोन्ही कामांचे पैसे नाहीत, येण्याजाण्याचा कुरिअरही माझ्याकडे. फक्त पाठवताना प्लॅस्टिकच्या आत आधी जुन्या चादरीत गुंडाळा. सध्या इकडे हवेत इतकी ओल आहे की नुसत्या प्लॅस्टिकमधलं कापड दोन दिवसांत कुबट होतं.