आकाशातला फ्लॉवर

परवा तळ्याकाठी जलरंगात आकाश रंगवीत बसलो असताना एका अनोळखी गृहस्थांनी माझा जो पाणउतारा केला, तो अजून मनातून गेलेला नाही. मी हौशी छायाचित्रकार आहे. प्रकाश आणि रचना आपल्याला कळतात, राहिला प्रश्न फक्त कुंचला धरण्याचा, अशा भ्रमात मी या फंदात पडलो. कॅमेऱ्यात उजेड जास्त झाला तर दुसरा फोटो काढता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि तो कोठे राखायचा हे रंग लावण्याआधीच ठरवावे लागते. त्यातून ओला असताना झकास दिसणारा रंग वाळला की फिका पडतो, हा तर निव्वळ विश्वासघात आहे.

गृहस्थ बराच वेळ मागे उभे असावेत. "अहो, आकाशात फ्लॉवर का काढलाय?"

"ढग आहे तो."

"छे हो, फ्लॉवरच आहे. हा बघा, देठसुद्धा दिसतोय."

अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याने भरलेला कुंचला टेकला, की पाणी पसरताना रंगाचे कण कडेला ढकलते आणि दातेरी कडांचा डाग उमटतो. या डागाला इंग्रजीत चित्रकार खरोखरच फुलकोबी म्हणतात. म्हणजे गृहस्थांनी नकळत अचूक संज्ञा वापरली होती, आणि याचाच मला अधिक राग आला.

एवढ्यात त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. "कॅमेरा तुमचाच?"

"हो."

"चालतो?"

"चालतो."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हते. वास्तविक इतिहास त्यांच्याच बाजूचा आहे. 1833 साली इटलीतल्या कोमो सरोवराकाठी टॅल्बट नावाचे इंग्रज गृहस्थ रेखाटनासाठी बसले, समोरचे दृश्य कागदावर दिसावे आणि ते गिरवता यावे यासाठीचे कॅमेरा ल्युसिडा हे उपकरण हाताशी असूनही त्यांना चित्र जमेना, आणि त्या वैतागातून त्यांना प्रतिमा कागदावर आपोआप उमटवण्याची कल्पना सुचली. चित्र येत नाही म्हणून माणसाने छायाचित्रणाची वाट शोधली. मी मात्र तयार कॅमेरा पिशवीत ठेवून चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जाड, महागडा कागद नासवीत उलट दिशेने निघालो होतो. शिकवणारेही 'पाण्याला त्याचे काम करू द्या' म्हणतात, पण पाण्याने केलेल्या कामाची जबाबदारी मात्र विद्यार्थ्यावर टाकतात.

गृहस्थांनी मग मोबाइल काढला, तळ्याचा फोटो टिपला, पडद्यावर दोनदा बोट फिरवले आणि तो माझ्या नाकासमोर धरला. फोटोचे जलरंगातले चित्र झाले होते. ढग ढगासारखे होते, काठाशी रंग ओघळल्याचा भासही होता, आणि या सगळ्याला बहुधा अर्धे मिनिटही लागले नव्हते.

"पाठवू का तुम्हाला? बघून काढता येईल."

मी मुकाट्याने नंबर दिला. घरी आल्यावर ते चित्र मोठे करून नीट तपासले. क्षितिज डावीकडे चांगलेच कललेले आहे.