वर चार मिरच्या

पुण्याहून आलेल्या आईला एका दिवसात लीड्स दाखवायचं, म्हणून मी रात्री जागून अभ्यास केला. टाऊन हॉल १८५८चा, तो आणि कॉर्न एक्स्चेंज दोन्ही वास्तुविशारद कथबर्ट ब्रॉड्रिकची, सगळं तोंडपाठ.

कॉर्न एक्स्चेंजच्या लंबगोल इमारतीत शिरून मी घसा खाकरला. "आई, या घुमटातनं उजेड मुद्दाम उत्तरेकडून घेतलाय. का, सांग?"

आईनं वर बघितलं. मग तळहात पुढे करून त्यावर नसलेले गहू बोटानं पसरले. "धान्य पारखायला. थेट ऊन आलं की डोळे दिपतात, खडा दिसत नाही. मिळतो का इथे गहू?"

आता तिथे कानातली आणि कॉफी मिळते. माझं निम्मं व्याख्यान गारद.

उरलेलं कर्कगेट मार्केटसाठी राखलं होतं. लोखंडी खांब, वर घुमट्या, इमारत १९०४ची. "आपली मंडई १८८६ची," शुक्रवार पेठेत वाढलेली आई म्हणाली आणि कांद्यांकडे वळली. मायकेल मार्क्सनं १८८४ मध्ये याच बाजारात ठेला मांडला, वर पाटी लावली, 'किंमत विचारू नका, एक पेनी', हे मी तिच्या पाठीला सांगितलं.

"म्हणजे हर माल," पाठीकडून उत्तर आलं. मार्क्स अँड स्पेन्सर दुकानांच्या जन्मकथेचा निकाल लागला.

"यू ऑलराइट, लव्ह?" भाजीवाला.

"हा काय म्हणाला मला?"

"अगं, इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात."

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा."

"कठीण आहे." पण चौकशी केलीय तर उत्तर द्यायला हवं, म्हणून तिनं डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. दुभाषा मी. मागे रांग.

पाऊंडाला वाडगाभर टोमॅटो, वाडगाभर बटाटे, आलं, कोथिंबिरीची जुडी. पिशवी माझ्या हातात. मग आई कुजबुजली, "वर मिरच्या माग."

"तशी पद्धत नाही इथे."

मी नाद सोडला म्हणून ती थोडीच सोडणार? मिरच्यांकडे बोट, मग चार बोटं, मग हसू. त्यानं मूठभर टाकल्या. "देअर यू गो, लव्ह."

"टाऊन हॉल राहिला गं," मी पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणालो. "दारात चार दगडी सिंह आहेत."

आई बाकावर टेकली. "तू बघून ये. पिशवी ने बरोबर. मिरच्या तेवढ्या दे इकडे, चेंगरतील."