पळी वेगळी आहे हो!

गणपतीच्या महाप्रसादाला मी नेलेली आमटी भरल्या पातेल्यानिशी परत आली. कुणीतरी आणलेला विकतचा, कोरडाठाक ढोकळासुद्धा संपला होता. चौकशीअंती कारण कळलं: "तो घरी शिसं वितळवतो ना, त्याच पळीने!"

त्याच पळीने? माझी शिशाची पळी बिडाची आहे, गॅरेजमध्ये कुलपात असते आणि तिने जन्मात आमटी पाहिलेली नाही.

ही आवई काकांची. काका म्हणजे शेजारच्या मित्राचे वडील, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले. इथे पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम खास चकमकीच्या, ठासणीच्या बंदुकांसाठी असतो. नळीत तोंडाकडून आधी दारू, मग तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी, मग गजाने ठासायचं. माझ्या .५० इंची नळीला .४९० इंची गोळी लागते. ती मी परसात ओततो.

त्या दिवशी काका प्लास्टिकची खुर्ची घेऊन येऊन बसले.

"किती तापवतोस?"

"शिसं ३२७ अंशांना वितळतं. पण साचा नीट भरायला चारशेच्या आसपास लागतं."

"गॅस बराच जात असेल. दुकानात नाही मिळत गोळ्या?"

"मिळतात."

"केवढ्याला?"

सांगितलं. त्यांनी मोठ्याने रुपयांत गुणाकार केला. "मग वाचतात तरी किती?"

"वाचवायला नाही करत, काका."

"असं कसं? बरं, वर्षाला हरणं किती?"

"मिळालं तर एक."

"गेल्या वर्षी?"

"नाही मिळालं."

"त्याच्या आधी?"

मी शिशात मेणाचा तुकडा टाकला. मळी वर आणायला टाकावाच लागतो, आणि धूरही झकास होतो. काका डोळे पुसत म्हणाले, "धूप घातलास होय? छान." हलले नाहीत. उलट साच्यातून सुरकुतलेली गोळी पडताना पाहून उठलेच. साचा पुरेसा तापला नव्हता, म्हणून ती तशी पडली. काकांचं निदान उलटं होतं. "तापलाय तो! जरा पाणी मार," म्हणत ते हातातलं भांडं कढईवर घेऊन आले.

वितळलेल्या शिशाखाली पाणी गेलं की क्षणात वाफ होते आणि शिसं कारंज्यासारखं अंगावर येतं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. मंडळात काय पोचलं? "पाणी द्यायला गेलो तर अंगावर धावून आला."

१७७६ मध्ये न्यूयॉर्कला लोकांनी इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा पाडला. त्यातलं बरंच शिसं कनेटिकटमधल्या लिचफील्डला गेलं, आणि तिथल्या बायकापोरांनी त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. कुणी किती ओतल्या, याचा हिशोबही आहे. त्या बायकांच्या हातचं नंतर कोण जेवलं नाही, याची नोंद मात्र नाही.

शिसं विषारी आहे, मान्य. म्हणूनच उघड्यावर ओततो, हात घासून धुतल्याशिवाय घरात कशाला शिवत नाही, रक्तातलं शिसं तपासून घेतो. पण त्याच पंगतीतल्या भाजीत गावाहून बांधून आणलेली सुटी हळद होती, तिला कुणी विचारलं? पिवळी दिसावी म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचाच पिवळा रंग, घालण्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात उघडकीला आलेत. अस्सल शेंदूर म्हणजे तर शिशाचंच ऑक्साइड. तो देवाला चालतो. माझी आमटी चालत नाही! चिंचगुळाची होती हो. आठवडाभर मीच खाल्ली.

काल काका पुन्हा आले, हातात जड पिशवी. "टायरवाल्याकडून तुझ्यासाठी मागून आणलं. व्हील बॅलन्सिंगची जुनी वजनं. सगळं शिसं. माझ्या मनात काही नाही रे."

एकेक उलटून पाहिलं. प्रत्येकावर 'झेडएन' कोरलेलं. जस्त! हे कढईत विरघळलं की सगळं शिसं बाद, साचा धड भरतच नाही.

"वा, काका," मी म्हणालो. "कशाला त्रास घेतलात?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "टाक की. बसलोय मी."