सोन्याच्या घड्याळावर बोली लावू इच्छिणाऱ्या सोलापूरकरांस

सोन्याच्या एका पुरातन खिशातल्या घड्याळाचा लिलाव निघाला आहे आणि आपण त्यावर बोली लावणार आहात, हे ऐकून अत्यंत समाधान वाटले. चादर, शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांच्यापलीकडेही सोलापूरकराला काही हौस असते, हे जगाला एकदा कळायलाच हवे होते. मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी : असले घड्याळ वेळ पाहण्यासाठी घ्यायचे नसते. वेळ मोबाइलवर फुकट दिसते, आणि तीही बरोबर.

या व्यवहारात तास-मिनिटांपलीकडच्या प्रत्येक करामतीला ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द दवाखान्याच्या बाकावर ऐकू येतो आणि तो ऐकून नातेवाईक मटकन खाली बसतात. लिलावाच्या दालनात तोच शब्द ऐकून लोक हात वर करतात. बिल दोन्हीकडे वाढते. न्यूयॉर्कचे बँकर हेन्री ग्रेव्ह्ज यांनी १९२५ मध्ये जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीकडे एका घड्याळाची मागणी नोंदवली. मोटारी बनवणाऱ्या जेम्स वॉर्ड पॅकार्ड यांच्या घड्याळापेक्षा आपल्या घड्याळात अधिक करामती असाव्यात, एवढीच त्यामागची तळमळ होती, असे सांगतात. शेजाऱ्याने गच्चीवर दुसरी टाकी बसवली की आपल्याला जी तळमळ लागते, तीच ही. २४ करामती आणि ९२० भाग असलेले, अर्ध्या किलोहून जड असे ते घड्याळ त्यांना १९३३ मध्ये मिळाले. आठ वर्षे वाट पाहण्याचा सराव आपल्याला उड्डाणपुलांमुळे आहेच.

तेच घड्याळ नोव्हेंबर २०१४ मध्ये जिनिव्हात लिलावाला आले, तेव्हा हातोडा २ कोटी ६ लाख स्विस फ्रँकवर पडला आणि घेणाऱ्याने प्रत्यक्षात २ कोटी ३२ लाखांहून अधिक फ्रँक मोजले. मधल्या फरकाने गांगरून जाऊ नये. आपल्या मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावात त्याला अडत म्हणतात, आणि २०१६ पासून ती शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडूनच घ्यायची आहे, त्यामुळे जिनिव्हावाल्यांनी काही नवे केलेले नाही. हमाली आणि तोलाई ते वेगळी लावत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा मानावा. बोली लावताना सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या जनावरांच्या बाजारातल्याप्रमाणे उपरण्याखाली समोरच्याची बोटे धरू नयेत. तिकडे गैरसमज होतो.

घड्याळ घरी आले की त्याच्या तबकडीवरचे आकाश कौतुकाने पाहावे. ग्रेव्ह्ज यांच्या घड्याळात तारे आहेत, पण ते मॅनहॅटनमधल्या त्यांच्या घरावरचे. सूर्योदय आणि सूर्यास्तही न्यूयॉर्कचेच. त्या आकाशात ध्रुव चांगला चाळीस अंशांवर असतो, आपल्याकडे तो जेमतेम साडेसतरा अंशांवर, कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीमागे. उलट हिवाळ्यात दक्षिणेला दिसणारा आपला अगस्ती न्यूयॉर्कच्या क्षितिजावर कधीच उगवत नाही, म्हणजे इतक्या कोटींच्या घड्याळातही तो नाही. या क्षुल्लक कारणावरून घड्याळ परत करू नये. अगस्तीच्या बाबतीत गच्चीवर जाऊन भागवून घ्यावे.

काही घड्याळांत सूर्याची खरी वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतला फरक दाखवणारा काटा असतो. फेब्रुवारीत सूर्य सुमारे १४ मिनिटे मागे असतो, नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे पुढे. त्यात भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आणि सोलापूर ७६ अंशांच्या जरा अलीकडे, म्हणून आपला सूर्य मुळातच २६ मिनिटे उशिरा येतो. दोन्ही मिळून फेब्रुवारीत सूर्य डोक्यावर यायला बारा चाळीस होतात. यापुढे कार्यालयात उशीर झाला तर हा काटा साहेबांना दाखवावा.

कायमस्वरूपी कॅलेंडर असलेले घड्याळ महिन्यांचे तीस-एकतीस आणि लीप वर्षही स्वतः सांभाळते. फक्त २१०० साल लीप वर्ष नसल्याने त्या वर्षी त्यातील बहुतेक घड्याळे २९ फेब्रुवारी दाखवतील आणि तारीख हाताने पुढे सरकवावी लागेल. त्या दिवसाची रजा आताच टाकून ठेवावी. यंदाचा, २०२६ चा, अधिक ज्येष्ठ मात्र ग्रेव्ह्ज यांच्या घड्याळाला कळणार नाही. तिथीचा क्षय, वृद्धी आणि अधिक मास हे सारे आपल्याच गावात निघणाऱ्या दाते पंचांगात असते, पण ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले असते आणि त्याला सोन्याचे झाकण नसते. त्याची तुलना करून खरेदीचा विरस करू नये.

एक इशारा मात्र मनापासून देतो. घड्याळ घेऊन मधल्या मारुतीजवळच्या सराफांकडे भाव विचारायला जाऊ नये. माझ्या आजोबांचे किल्लीचे घड्याळ होते, सोन्याच्या झाकणाचे; गिरणीत हेडक्लार्क असताना घेतलेले. आजोबा गेल्यावर वडील आणि मी ते एका पेढीवर घेऊन गेलो. सराफांनी नखाने मागचे झाकण उघडले, क्षणभर आतली चक्रे पाहिली, आणि म्हणाले, “मशीन काढून द्या मालक, वजनात धरता येत नाही.” शेजारच्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून दोन बारीक स्क्रू फिरवले आणि मशीन तबकडी-काट्यांसकट अलगद बाहेर आले. रिकामे झाकण काट्यावर गेले, घट धरली गेली, पैसे मोजले गेले. मशीन त्यांनी वर्तमानपत्राच्या पुडीत, शंभर ग्रॅम फुटाणे द्यावेत तसे, बांधून दिले. बसमध्ये ती पुडी वडिलांच्या मांडीवर टिकटिक करत होती आणि शेजारचा प्रवासी सरकून बसला होता. सराफांचे चुकले असे म्हणवत नाही; सोन्याचा भाव त्यांना ठाऊक होता आणि उरलेल्याचा आम्हालाही नव्हता.

म्हणून आपले घड्याळ थेट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे. किल्ली देऊ नये, आतले तेल सुकलेले असते आणि चक्रे झिजतात. मिनिटांचे ठोके देणारी घड्याळे विजेच्या दिव्यांपूर्वी अंधारात वेळ ऐकता यावी म्हणून निघाली : कळ सरकवली की आधी तास, मग पाव तासांचे जोडठोके, मग मिनिटे. बारा एकोणसाठला ही मैफल सर्वांत लांबते. वीज गेलेल्या रात्री असा ठोका ऐकण्याचा मोह होईल, पण लॉकर रात्री उघडत नाही.

आणि चार-पाच दिवसांआड कधीतरी पहाटे अडीचला न्हाणीघरातला नळ हवा सोडत फुसफुसू लागेल. तो क्षण २४ करामतींपैकी एकीतही नाही. त्यासाठी समोरच्या काकूंनी गल्लीत मारलेली हाक ऐकावी आणि उठून मोटर लावावी.